स्कार्फ चालतो, मास्क चालत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय की तिच्या बाबांना फुप्फुसाचा टीबी निघालाय, गोळ्या सुरू झाल्यात, दवाखान्यात सांगितलंय की सुरुवातीला घरात आणि माणसांत असताना मास्क लावा, पण बाबा मास्कला हात लावायला तयार नाहीत, लावला की गावाला कळणार म्हणतात. भाऊ जपानात ओसाकाला नोकरीला आहे, तो फोनवर म्हणतो इथं नुसती सर्दी झाली तरी माणूस आपणहून मास्क लावतो, आपली माणसं कधी सुधारायची नाहीत. तिचा प्रश्न असा की हा खरंच संस्कृतीचा फरक आहे का, आणि असला तर बाबांचं काय करायचं.

ताई, मी टीबीच्या सरकारी कार्यक्रमात एकवीस वर्षं फिरतीवर काम केलंय, सिनियर ट्रीटमेंट सुपरवायझर म्हणून, म्हणजे पेशंटच्या घरी जायचं, गोळ्या चालू आहेत का बघायचं, घरातल्या बाकीच्यांची तपासणी करवून घ्यायची. निपाणी, हुक्केरी, आणि शेवटची आठ वर्षं तुमचाच तालुका, जांबोटी, नंदगड, लोंढ्याकडचा भाग. त्यामुळं तुमच्या बाबांसारखे बाबा मी शेकड्यानं बघितलेत. उत्तर जरा लांब होईल पण पूर्ण वाचा, कारण बाबांचं काय करायचं हे कळायला बाबा नाही का म्हणतात ते आधी कळायला पाहिजे.

एक रोजचं सांगते. मी स्कूटीवर फिरायची, आणि आपल्याकडच्या सगळ्या बायका बांधतात तसा स्कार्फ बांधून, डोळे तेवढे उघडे, बाकी कपाळापासून मानेपर्यंत सगळं बंद. जांबोटी रोडची लाल माती ज्याला माहीत आहे त्याला का बांधायचा ते सांगायला नको. तर मी तशी तोंड झाकून गावात शिरायची, कट्ट्यावरची माणसं हात करायची, कुणाच्या तरी आईनं हाक मारून चहाला बोलवायची, कुणालाच त्या झाकलेल्या तोंडाचं काही वाटायचं नाही. मग मी पेशंटच्या दारात गाडी लावायची, स्कार्फ सोडायचा आणि पर्समधला मास्क काढून लावायचा. त्या एका क्षणात समोरच्या घराच्या दारात उभ्या बायकांचा चेहरा बदललेला मी दर वेळी बघितलाय. मघाशी माझं जास्त तोंड झाकलेलं होतं, आता उलट कमी झाकलंय, पण आता त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एका म्हाताऱ्या आत्तींनी तर सरळ हात धरला माझा, "ताई, ते नको की ओ, तो फडका बांधून बसा की, लोक बघालेत."

तोंडावर कापड असण्याला आपल्याकडं कुणाचीच हरकत नाही. आपण तर झाकण्यात हुशार माणसं. निपाणीला तंबाखूच्या वखारीत बायका वर्षानुवर्षं पदर नाकावरून घेऊन मागं खोचून काम करतात, खकाणा असा उडतो की नवीन माणूस दारातच शिंकून बेजार होतो. मळणीला भुसकट उडतं तेव्हा टॉवेल गुंडाळतात, उसाच्या फडात गुंडाळतात, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत पोरं हातरुमाल बांधतात (त्या रुमालाबद्दल खाली बोलायचं आहे मला). हे सगळं झाकणं कशासाठी, तर बाहेरचं आत येऊ नये म्हणून, धूळ, ऊन, वास. आतलं बाहेर जाऊ नये म्हणून झाकणं ही गोष्ट मात्र आपल्याला नवीन आहे, आणि ती करणारा माणूस म्हणजे ज्याच्या आत काहीतरी आहे असा माणूस. म्हणजे मास्क लावला की तुम्ही न बोलता सगळ्या गल्लीला सांगितलं की मला काहीतरी झालंय. त्यातून आपली भाषाच बघा ना, तोंड लपवणं, तोंड दाखवायला जागा नाही, कोणत्या तोंडानं येऊ, हे सगळं आपण कशाबद्दल बोलतो? लाज. गुन्हा. कर्ज बुडवलेला माणूस तोंड लपवतो. साठ वर्षं ताठ मानेनं गावात वावरलेल्या माणसाला तुम्ही म्हणताय तोंड झाकून सोप्यावर, पुढच्या पडवीत, बसा, तर त्याला आत कुठं लागत असेल हे भावाला तिकडून दिसणार नाही.

आता जपानचं. भाऊ बघतोय ते खोटं नाही, पण तो आजचं बघतोय, त्याच्या मागची शंभर वर्षं त्याला दिसत नाहीत. जपानात पण सुरुवातीला मास्क होता तो खाणीतल्या आणि कारखान्यातल्या कामगारांचा, धुळीसाठी, म्हणजे आपल्या वखारीसारखाच. मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला, आपल्याकडं मानमोडी म्हणायचे तोच, तेव्हा तिथल्या सरकारनं पोस्टर काढली, त्यात आगगाडीच्या डब्यात मास्क न लावता बसणारा माणूस म्हणजे जिवाची पर्वा नसलेला माणूस असं लिहिलं होतं. म्हणजे त्यांनाही सांगावं लागलं. पुढं महायुद्धानंतर त्यांनी डोंगरच्या डोंगर देवदारासारख्या एका झाडानं भरून काढले, सुगी म्हणतात तिकडं, लाकडासाठी लावली झाडं, ती मोठी झाली आणि दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल त्याचे परागकण उडून लाखो लोकांची नाकं वाहायला लागली. आता एखाद्या गावात निम्मी माणसं तीन महिने मास्क लावून फिरायला लागली तर मास्क लावलेल्याकडं कोण वळून बघणार? मास्कवाल्याला ॲलर्जी असेल, सर्दी असेल, थंडी वाजत असेल, नाहीतर एखाद्या मुलीनं मेकअप केला नसेल म्हणून लावला असेल. कशाला लावलाय हे कळायला मार्गच राहिला नाही, आणि तिथंच सगळं सोपं झालं. त्यात सर्दी झालेल्यानं दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून लावायचा ही रीत बसली, आणि मग न लावणारा उद्धट ठरायला लागला.

यात एक गोष्ट बघा. जपानात कोविडमध्येही मास्कसाठी दंडाचा कायदा नव्हता. तरी सगळ्यांनी लावला आणि मार्च २०२३ मध्ये सरकारनं आता ज्याचं त्यानं ठरवा म्हटल्यावरसुद्धा कितीतरी जणांनी पुढं बरेच दिवस काढला नाही. कशामुळं? लोक काय म्हणतील! तेच जे तुमचे बाबा म्हणतात. तिथं लोक काय म्हणतील म्हणून मास्क लावतात आणि आपल्याकडं लोक काय म्हणतील म्हणून काढतात. माणूस तोच आहे, भीतीही तीच आहे, फक्त त्या कापडाचा अर्थ गावानं काय लावलाय त्यावर सगळं ठरतं. म्हणून आपली माणसं सुधारणार नाहीत हे भावाचं वाक्य मला अजिबात पटत नाही, आणि राग पण येतो, कारण हेच वाक्य मी मोठमोठ्या मीटिंगमध्ये शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यानं एकही पेशंट बरा झालेला नाही.

आणि सुधारलेले म्हणतो त्यांचं पण ऐका. १९१० च्या हिवाळ्यात मांचुरियात न्यूमोनिक प्लेग आला, खोकल्यातून पसरणारा, साठेक हजार माणसं गेली. तिथं वू लिएन-तेह नावाचे तरुण डॉक्टर होते, पेनांगला जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले, त्यांनी सांगितलं की हा हवेतून पसरतोय, कापूस आणि गॉजचा मास्क सगळ्यांनी लावा. तिथं आलेल्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी, मेनी त्यांचं नाव, ऐकलं नाही, मास्क न लावता पेशंट तपासले आणि थोड्याच दिवसांत प्लेगनं गेले. त्यानंतर लोक ऐकायला लागले. चीनच्या बाजूला मास्कला जो मान आहे त्याची सुरुवात तिथली. पुढं हाँगकाँगला २००३ मध्ये सार्स आला, जवळजवळ तीनशे माणसं गेली, तेव्हापासून तिथं आजारी माणसानं मास्क न लावता लिफ्टमध्ये शिरणं म्हणजे असभ्यपणा. कोरियात तर वाळवंटाकडून येणारी पिवळी धूळ दर वर्षीची, तिच्यामुळं मास्क घराघरात आधीच होता.

उलट अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला १९१८ मध्ये मास्कचा कायदा केला, न लावणाऱ्याला दंड, तुरुंग, आणि १९१९ च्या जानेवारीत तिथं मास्कविरोधी लीग उभी राहिली, सभा घेतल्या, सरकार कोण आमच्या तोंडावर कापड बांधणारं म्हणून. शंभर वर्षांनी २०२० मध्ये तेच भांडण तिथं परत झालं. फ्रान्समध्ये २०१० मध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकायलाच बंदीचा कायदा झाला, कारण तिथली समजूत अशी की नागरिक म्हणजे चेहरा दाखवणारा माणूस, आणि दहा वर्षांनी त्याच फ्रान्सला बसमध्ये-रेल्वेत मास्क लावाच म्हणून हुकूम काढावा लागला. आणखी एक बारीक फरक अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलाय, की जपानी माणूस समोरच्याचा भाव डोळ्यांवरून वाचतो आणि अमेरिकन माणूस ओठांवरून, त्यांच्या मोबाइलच्या चिन्हांत पण दिसतं, जपानी हसरा चेहरा डोळ्यांनी हसतो आणि अमेरिकन तोंडाच्या रेघेनं. मग ओठ झाकले की कुणाला जास्त अडचण वाटणार ते बघा. आपल्या बाबतीत मला वाटतं ऐकायला कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फार अडचण होते, ती ओठ बघून बोलणं समजून घेतात आणि ते कुणाला सांगत नाहीत. तुमच्या बाबांना कमी ऐकू येत असेल तर हे पण एक कारण असू शकतं, विचारून बघा.

मला बरेच जण विचारायचे की कानडी लोक ऐकतात आणि मराठी ऐकत नाहीत का, किंवा उलट. ताई, एकाच गल्लीत राहणारी माणसं, मी दोन्ही घरी गेलेय, दोन्ही भाषेत बोललेय, काडीचा फरक नाही. जो फरक बघितला तो हद्दीचा बघितला. कोविडमध्ये महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळीचा चेकपोस्ट आठवतो ना, २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय कर्नाटकात सोडत नव्हते. तिथं मी ड्युटीवर होते काही दिवस. एसटी, वडाप, मोटरसायकल, सगळ्यांचे मास्क कागलपासून हनुवटीवर यायचे, चेकपोस्ट दिसला की नाकावर चढायचे आणि बॅरिकेड ओलांडून पन्नास पावलं गेलं की परत हनुवटीवर. आपल्याकडं मास्कला दंड होता, शहरात अडीचशे, बाकी ठिकाणी शंभर रुपये. दंड लावून वापर वाढला हे मी नाकारत नाही, पण दंडानं लोकांना एक शिकवलं की मास्क हा पोलिसासाठी असतो, हेल्मेटसारखा. पोलीस गेला की मास्क गेला. कशासाठी लावायचा हे शेवटपर्यंत बहुतेकांच्या डोक्यात गेलंच नाही, आणि त्याची किंमत नंतर टीबीचे पेशंट देत बसलेत.

पण त्याच दोन वर्षांत मी एक चांगलं पण बघितलं. बेळगावच्या खडेबाजारात मला माझा एक जुना पेशंट भेटला, शहापूरचा, मागावर काम करणारा पोरगा, हट्टी टीबीवाला, म्हणजे साध्या गोळ्या लागू न पडणारा, दीड वर्षाचा कोर्स. आधी तो दिवसा बाहेरच पडायचा नाही. मला म्हणाला, "आता बरं हाय बघा ताई, सगळेच मास्कात, मी कोण ते कुणाला कळतच नाही." त्याच्या डोळ्यांत काय आनंद होता! पहिल्यांदा तो मास्क लावून, नियमानं, बिनधास्त बाजार करत होता. मग नियम उठले, सगळ्यांनी काढले, आणि तो परत संध्याकाळी अंधार पडल्यावर बाहेर पडायला लागला. एकट्यानं लावला की शिक्का, सगळ्यांनी लावला की आडोसा. तुमच्या घरात जे करायचं आहे ते सगळं यात आहे.

मी स्वतः हे फार उशिरा शिकले आणि त्याची खंत मला आजही आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हुक्केरीकडच्या एका गावात बावीस वर्षांच्या मुलीला टीबी निघाला. मी गेले, दारात उभी राहून, अंगणात शेजारच्या दोघी बसलेल्या असताना, पिशवीतून मास्क काढून तिच्या हातात दिला आणि मोठ्यानं समजावून सांगितलं कसा लावायचा. मला वाटलं मी माझं काम चोख केलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. तीन आठवड्यांनी तिनं गोळ्या बंद केल्या, आईनं तिला मावशीकडं पाठवलं, आणि साताठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा वजन निम्म्यावर आलं होतं आणि साध्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या. ती वाचली, पण दोन वर्षं गेली तिची. मी तिला मास्क दिला नसता, किंवा आत माजघरात बसून घरच्या सगळ्यांना एकेक दिला असता, तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर मी कधीच एकट्या पेशंटच्या हातात मास्क दिला नाही.

बांगलादेशात कोविडच्या काळात सहाशे गावांत मोठा प्रयोग झाला, तीन लाखांवर माणसं होती त्यात. नुसतं सांगून काही झालं नाही, एसएमएस पाठवून झालं नाही, गावाला बक्षीस देतो म्हणूनही झालं नाही. घरोघरी फुकट मास्क दिले, रस्त्यात भेटलेल्याला तोंडावर प्रेमानं आठवण केली आणि मशिदीत इमामांनी, गावातल्या मानाच्या माणसांनी स्वतः लावून दाखवला, तेव्हा शंभरातले तेरा लावत होते ते बेचाळीस लावायला लागले. बांगलादेशातलं खेडं आणि आपलं खेडं यात किती फरक आहे? तिथल्या माणसाची संस्कृती दोन महिन्यांत बदलली काय? नाही ना. समोर कोण लावतंय ते बदललं.

आपल्याकडं तर मानाचा मास्क आधीपासून आहे, फक्त आपण त्याला मास्क म्हणत नाही. श्वेतांबर जैनांतले स्थानकवासी साधू-साध्वी तोंडाला मुहपत्ती बांधतात, हवेतल्या बारीक जिवाला आपल्या श्वासानं इजा होऊ नये म्हणून. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक जैन दिगंबर, त्यांच्या मुनींत ती पद्धत नाही, पण मुहपत्ती बांधलेले साधू दिसले की आपण सगळेच नमस्कार करतो, कुणी म्हणत नाही यांना काय झालंय. चिक्कोडीकडं माझा एक पेशंट होता, जैन शेतकरी, सत्तरीचा, तुमच्या बाबांसारखाच अडून बसलेला. त्यांच्या घरात पाणी गाळूनच प्यायची रीत. मी त्यांना म्हटलं, आज्जा, पाणी गाळून पिता तसा एवढे दिवस श्वास गाळून सोडा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग सुनेला म्हणाले आण ते इकडं. मी काही त्यांचा धर्म शिकवायला गेले नव्हते, त्यांच्याच घरातली गोष्ट त्यांना आठवून दिली. दुसरी एक मुस्लिम बहीण होती, ती बुरख्याच्या नकाबाच्या आत तीनपदरी मास्क लावायची, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला, शेजारणीला पत्ता लागला नाही. नकाब तिच्यासाठी आडोसा झाला. प्रत्येकाच्या घरात असं काहीतरी सापडतं, शोधायला पाहिजे.

आता तुमच्या घरचं. पहिलं म्हणजे मास्क किती दिवस हे बाबांना नीट सांगा, कारण त्यांना बहुतेक वाटत असेल की आता कायमचं. साधा टीबी असेल, गोळ्या लागू पडत असतील आणि एकही दिवस न चुकवता घेतल्या तर दोनेक आठवड्यांत पसरण्याची शक्यता फार कमी होते. नेमकं कधी काढायचा ते तुमचे डॉक्टर खोकला आणि थुंकीची तपासणी बघून सांगतील, ते सांगेपर्यंत काढू नका. हट्टी टीबी असेल तर मुदत लांबते. पण "पंधरा दिवस-महिना" हे ऐकल्यावर अर्धी माणसं तयार होतात हे मी बघितलंय. सहा महिने आहेत ते गोळ्यांना.

दुसरं, बाबांना साधा तीनपदरी सर्जिकल मास्क पुरे. तो त्यांच्या तोंडातून उडणारे थेंब अडवतो. दक्षिण आफ्रिकेत हट्टी टीबीच्या वॉर्डमधली हवा गिनी पिगच्या पिंजऱ्यात सोडून बघितली होती, पेशंटनी साधा सर्जिकल मास्क लावला त्या दिवशीची हवा ज्यांना मिळाली त्यांच्यात लागण जवळजवळ निम्म्यावर आली. म्हणजे साधा मास्क पेशंटच्या तोंडावर असेल तर काम करतो. पेशंटजवळ बंद खोलीत बसणाऱ्याला मात्र साधा पुरत नाही, त्याला एन-९५ पाहिजे आणि तो नाकाला आणि गालाला घट्ट बसला पाहिजे. पुढं प्लॅस्टिकचा गोल व्हॉल्व्ह असलेला मास्क घेऊ नका, त्या व्हॉल्व्हमधून श्वास न गाळता बाहेर पडतो, बाबांसाठी तो कामाचा नाही. ओला झाला की बदला. आणि गुदमरतं म्हणाले तर त्यांना सांगा की तीनपदरी मास्कनं ऑक्सिजन कमी होत नाही, गरम वाटतं, तेवढंच. (फौंड्रीतल्या पोरांसाठी इथंच सांगते, कारण ते पण वाचत असतील. वाळूच्या धुळीतले जे कण फुप्फुसात खोल जातात ते हातरुमालातून आरपार जातात, सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर धरतो. रुमाल बांधून सेफ आहे असं समजू नका, मालकाकडं एन-९५ मागा, भांडून मागा.)

तिसरं, कुठं लावायचा आणि कुठं नाही. शेतात एकटे असतील, अंगणात उघड्यावर बसले असतील, नका लावू म्हणा. मास्कची गरज बंद जागेत आहे, माजघर, वडाप, बस, देवळातला गाभारा, भजनाची खोली. तुमच्या भागात पावसाळ्यात चार महिने खिडक्या बंद, चुलीची ऊब धरून सगळे एका खोलीत, तिथं खरा धोका. बाबांची झोपायची जागा सोप्यावर करा, वारा येतो तिथं, आणि ते अपमानासारखं वाटणार नाही असं करा, उजेड आहे, माणसं येतात-जातात म्हणून. ताट-वाटी मात्र वेगळी करू नका! टीबी ताटानं पसरत नाही. मी कितीतरी घरात बघितलंय की मास्कला कुणी विचारत नाही पण ताट पहिल्या दिवशी वेगळं होतं, आणि त्यानं माणूस आतून खचतो. आणि पदरात खोकायची आपल्या बायकांची सवय, खोकून झालं की त्याच पदरानं नातवाचं तोंड पुसायचं, घरात दुसऱ्या कुणाला खोकला असेल तर याच्याकडं लक्ष ठेवा. थुंकायला झाकणाचा डबा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही सगळ्यांनी लावा. आई, तुम्ही, घरात पोरं असतील तर मोठी पोरं, बाबा घरात असतील तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर मास्क. दाराशी कॅलेंडरच्या खिळ्याला पुडकं अडकवून ठेवा, कुणी आलं तर त्यालाही द्या, घरात सगळ्यांना खोकला आहे म्हणा, तेवढं खोटं चालतं. बाहेर जाताना बाबांना टॉवेल गुंडाळायची सवय असेलच, त्याच्या आत मास्क लावू द्या, टॉवेलवाल्या शेतकऱ्याकडं कोण बघणार आहे. घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी करून घ्या, ज्यांना नाही त्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात, पाच वर्षांखालचं मूल असेल तर उद्याच जा. बाबांच्या खात्यावर पोषण आहाराचे महिन्याला हजार रुपये येतात का ते पण विचारा, निक्षयमध्ये, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नाव आणि बँक खातं जोडलेलं पाहिजे, अंडी, शेंगदाणे, दूध त्यातून येतं.

भावाला माझा निरोप सांगा. फोनवर शिव्या देऊ नकोस म्हणावं, संध्याकाळी कामावरून सुटला की स्टेशनात उभा राहून बाबांना व्हिडिओ कॉल कर, तुझ्या तोंडावर मास्क असू दे, मागं मास्क लावून उभी असलेली माणसं बाबांना दिसू देत, आणि दोन मिनिटं भाताचं, म्हशीचं, पावसाचं बोल. मास्कबद्दल एक शब्द काढू नकोस. असे चार-पाच दिवस फोन होऊ देत.

गोळ्या सुरू होऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात असाल तर हे सगळं आजच रात्रीपासून करा, जेवायला बसायच्या आधी पहिला मास्क तुम्ही लावा आणि दुसरा आईला द्या, बाबांना लगेच देऊ नका, मागू देत.